राजीनामा मागितला तर : हक्क, मुदती आणि कागदपत्रं

इंद्रायणीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी पिंपरी-चिंचवडमध्ये कामगार संघटनेचं काम करतो. वकील नाही, पण संघटनेचा प्रतिनिधी म्हणून कामगार न्यायालयात कामगाराच्या बाजूनं उभा राहतो. अलीकडे माझ्याकडे कारखान्यातल्या लोकांपेक्षा हिंजवडी-खराडीकडची आयटीतली मुलंमुलीच जास्त येतात आणि सगळ्यांच्या सांगण्यात फारसा फरक नसतो.

दुपारी अचानक मीटिंगचं बोलावणं येतं. खोलीत एचआर आणि वरचा मॅनेजर. राजीनाम्याचा मजकूर आधीच टाइप करून ठेवलेला. "आत्ता रिझाइन केलंत तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर. नाहीतर टर्मिनेट करावं लागेल, मग पुढं कुठंच नोकरी लागायची नाही." लगेच उत्तर हवं असतं. घरी फोन करतो म्हटलं तरी नाही म्हणतात. डोळ्यांसमोर फ्लॅटचा हप्ता, मुलांची फी. माणूस सही करतो.

मला या धाग्यात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. राजीनामा देणं आणि काढून टाकलं जाणं यांत कायद्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्या फरकाची किंमत तुमच्या खिशातून जाते. कंपनी राजीनामा मागते ती तुमच्या करिअरच्या काळजीपोटी नव्हे.

कंपनीनं स्वतःहून कपात केली, तर एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. सरकारला कळवावं लागतं. आणि त्या प्रकारच्या कामात जो सगळ्यात शेवटी लागला तो सगळ्यात आधी जाणार, हा नियम मोडायचा असेल तर कारण नोंदवावं लागतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम २५-फ आणि २५-ग म्हणून होतं. २१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेतही हा गाभा कायम आहे. उलट एक भर पडली आहे : कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकानं १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची.

स्वखुशीनं राजीनामा दिला, तर यातलं काहीही लागू होत नाही. कायद्यानं 'कपात' या व्याख्येतूनच स्वेच्छेनं नोकरी सोडणं वगळलेलं आहे. एका सहीनं कंपनीचं नोटीस देणं, भरपाई देणं, सरकारला कळवणं, ज्येष्ठता यादी दाखवणं, सगळं टळतं. वर पुढं भांडायला गेलात तर 'राजीनामा दबावाखाली दिला' हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

आकडा मांडून दाखवतो. नऊ पूर्ण वर्षं नोकरी, महिन्याला एकूण ८० हजार पगार. कपातीची भरपाई, पूर्ण पगार हिशेबात धरला तर, साधारण ४० हजार गुणिले ९, म्हणजे ३ लाख ६० हजार. नोटिशीचा एक महिना, ८० हजार. झाले ४ लाख ४० हजार. तुमच्या नेमणूकपत्रात तीन महिन्यांची नोटीस लिहिली असेल तर आकडा आणखी वाढतो. ग्रॅच्युइटी याच्या वेगळी, ती दोन्ही वेळा मिळते. आता 'दोन महिन्यांचा पगार देतो'मधले १ लाख ६० हजार याच्या शेजारी ठेवून बघा.

म्हणून त्या खोलीत बसलेले असाल तर एवढंच म्हणा : "मला हे सगळं ईमेलवर लिहून पाठवा, मी विचार करून उत्तर देतो." भांडू नका, आवाज चढवू नका, सही करू नका. खोलीतून बाहेर पडायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. बाहेर आल्यावर त्याच दिवशी तुम्ही स्वतः ईमेल करा : अमुक वाजता, अमुक खोलीत, अमुक जणांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी नकार दिला आहे, माझी काम करायची तयारी आहे. हा एक कागद पुढं फार कामाला येतो.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो. कंपन्यांची नावं मात्र धाग्यावर लिहू नका.

सायली_खराडी

काका, फार वेळेवर लिहिलंत. माझ्या नवऱ्याकडून परवा संध्याकाळी असाच राजीनामा घेतला. पोर्टलवर त्यालाच टाकायला लावला, 'वैयक्तिक कारण' असं निवडून. शेवटचा दिवस महिनाअखेर दाखवतोय. दोन रात्री झोपलेला नाही तो. आता काही करता येईल का, की संपलं सगळं?

इंद्रायणीकाठ

सायलीताई, संपलेलं नाही. पण आज हालचाल करा, उद्यावर टाकू नका.

पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच सांगितलं आहे. अलीकडचं उदाहरण कोकण रेल्वेचं आहे. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यानं राजीनामा दिला आणि नंतर तो मागे घेतला. रेल्वेचं म्हणणं, आम्ही आधीच स्वीकारला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये म्हटलं की स्वीकारल्याचं पत्र कार्यालयातल्या कार्यालयातच राहिलं, कर्मचाऱ्याला कळवलंच नाही, तेव्हा राजीनामा मागे घेणं वैध आहे. त्याला कामावर परत घ्यायला लावलं. तो सार्वजनिक उपक्रम होता. खासगी कंपनीत नेमणूकपत्रातल्या अटीही बघाव्या लागतात, पण पत्र पाठवायचंच.

मजकूर साधा ठेवा. मी असा लिहून देतो :

'दिनांक अमुक रोजी अमुक वाजता मला मीटिंग रूममध्ये बोलावून राजीनामा देण्यास सांगण्यात आले. न दिल्यास कामावरून काढू असे सांगण्यात आले. विचार करण्यास किंवा घरच्यांशी बोलण्यास वेळ दिला नाही. पोर्टलवरील राजीनामा व त्यात नमूद केलेले कारण माझ्या इच्छेने दिलेले नाही. सदर राजीनामा मी मागे घेत आहे. मी कामावर हजर आहे व यापुढेही काम करण्यास तयार आहे.'

शेवटचं वाक्य काही केल्या गाळू नका. कारण पुढं कंपनी हमखास म्हणते की हा स्वतःच यायचा बंद झाला. तसं म्हटलं तरी चौकशीशिवाय नाव कमी करता येत नाही, हे डी. के. यादव खटल्यात १९९३ला ठरलेलं आहे, पण तुमचं वाक्य लेखी असेल तर तो वादच उभा राहत नाही.

ईमेल एचआर आणि वरिष्ठ दोघांना, प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर. त्याच मजकुराचं पत्र कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टानं. पावती आणि 'डिलिव्हर्ड' दाखवणारं पान, दोन्ही जपून ठेवा. आणि त्यांना आज रात्री जेवायला घालून झोपवा. बरोबरीनं उभं राहणारं माणूस घरात आहे, ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

मेघदूत७

चांगला धागा. माझी शंका : आयटीवाल्यांना हे कामगार कायदे लागूच होत नाहीत ना? माझं पद 'टीम लीड', पगार लाखाच्या वर. एचआर म्हणते तुम्ही मॅनेजमेंट केडरमध्ये आहात.

इंद्रायणीकाठ

हा गैरसमज इतका पसरलाय की खुद्द काही वकीलही तसंच सांगतात.

एक, आयटी कंपनी 'उद्योग' आहे. १९७८च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालानंतर या व्याख्येचा आवाका किती मोठा झाला ते बघा.

दोन, पदाच्या नावाला किंमत नाही, प्रत्यक्षात मुख्य काम काय करता त्याला आहे. तांत्रिक काम करणारा, कोड लिहिणारा, चाचण्या घेणारा, हिशेब ठेवणारा माणूस कामगाराच्या व्याख्येत बसतो. आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. पगाराची मर्यादा आहे ती फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी : जुन्या कायद्यात १० हजार, नव्या संहितेत १८ हजार. लोक ही मर्यादा सरसकट सगळ्यांना लावतात, ते चूक आहे.

तुमच्याबाबतीत प्रश्न असे येतील : रजा मंजूर करायचा अधिकार तुम्हाला आहे का? कुणाला कामावर घ्यायचा, काढायचा? कुणाला कारणे दाखवा नोटीस दिली आहे का? टीममधल्या पाच जणांना काम वाटून देता आणि दिवसभर स्वतः कोडच लिहिता, तर उलटतपासणीत ते तुमच्या बाजूनं जातं. म्हणून तुमच्या नावावर रोज पडलेल्या कामाच्या नोंदी, टाइमशीट, अप्रेझलमध्ये लिहिलेली कामं महत्त्वाची.

खरोखरच व्यवस्थापक असाल, तर कामगार न्यायालयाचा रस्ता बंद होतो. मग दिवाणी न्यायालय, आणि तिथं नोकरी परत मिळत नाही, कारण वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीनं चालू ठेवायला लावत नाही. बहुतेक वेळा नोटीस काळाच्या पगाराएवढी भरपाई पदरात पडते.

अनुपमा_ह

मी एचआरमध्ये आहे, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं लिहिते. धागाकर्त्यांनी लिहिलंय ते खरं आहे. यादी वरून येते, तारीख वरून येते, आणि 'टर्मिनेशन दिसता कामा नये' हेही वरूनच येतं. समोर बसलेल्या एचआरच्या मुलीला त्या दिवशी आणखी सात जणांना बोलवायचं असतं. तिच्यावर राग काढून काही मिळत नाही.

दोन गोष्टी आवर्जून सांगते. 'टर्मिनेट केलं तर कुठंच नोकरी लागणार नाही' ही भीती फार फुगवलेली आहे. पार्श्वभूमी पडताळणीत बहुतेक कंपन्या नोकरीच्या तारखा, पद आणि कधीकधी पगार एवढंच विचारतात. 'पद रद्द झाल्यामुळे सेवा समाप्त' असं पत्र असेल तर ते काळं कुत्रंही मनावर घेत नाही. गैरवर्तनासाठी काढलं असेल तर वेगळं, पण ते चौकशीशिवाय लिहिताच येत नाही.

दुसरं, सगळ्यांनाच लढायचं नसतं. ज्याला पैसे घेऊन निघायचं आहे त्यानं निघावं, त्यात कमीपणा नाही. फक्त आकडा आधी काढा आणि मग मागा. पहिला प्रस्ताव कधीच शेवटचा नसतो, हे मी टेबलाच्या या बाजूनं सांगते आहे. नोटीस काळाचा पूर्ण पगार, शिल्लक रजांचे पैसे, आरोग्य विमा आणखी काही महिने चालू, ठरलेला बोनस आणि रिलीव्हिंग लेटरचा मजकूर, हे सगळं राजीनाम्याच्या आधी लेखी आलं पाहिजे. नंतर देतो म्हणाले तर थांबा.

इंद्रायणीकाठ

अनुपमाताई, मनापासून आभार. हे आतून कुणी सांगत नाही.

पैशांच्या मुदतीबद्दल भर घालतो. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढून टाकणं, देय पगार दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवा. '४५ दिवसांनी फुल अँड फायनल' ही कंपन्यांची पद्धत आहे, कायदा नव्हे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत. आणि ग्रॅच्युइटी ही बक्षिशी नाही. ती रोखून धरायला कायद्यात मोजकीच कारणं आहेत, 'राजीनाम्यावर सही केली नाही' हे त्यातलं नाही.

तळजाई_टेकडी

ग्रॅच्युइटीवरून आठवलं. मला ४ वर्षं १० महिने झालेत. पाच पूर्ण नाहीत म्हणून मिळणार नाही असं सांगितलंय. आणि माझा बेसिक अगदीच कमी ठेवलेला आहे, त्याचं काय?

इंद्रायणीकाठ

पाचव्या वर्षात २४० दिवस काम भरलं तर ते वर्ष पूर्ण धरायचं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि त्याच्या आधारावर लोकांना ग्रॅच्युइटी मिळते. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या आस्थापनेत, म्हणजे तुमच्या पाच दिवसांच्या आठवड्यात, २४० ऐवजी १९० दिवस पुरतात. दहा महिन्यांत ते आरामात भरतात. कंपनी विरोध करील, पण अर्ज करा. मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेत एका वर्षानंतरच प्रमाणशीर ग्रॅच्युइटी आहे, ती वेगळी तरतूद.

कमी बेसिकचं म्हणाल तर संहितांनी इथं मोठा बदल केला. पगारातून वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग पगारात धरायचा. वरच्याच उदाहरणातला ८० हजारवाला माणूस घ्या, बेसिक ३२ हजार. जुन्या हिशेबानं ३२ हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ९, म्हणजे साधारण १ लाख ६६ हजार. नव्या व्याख्येनं हिशेब ४० हजारांवर होतो आणि रक्कम २ लाख ७ हजारांच्या पुढं जाते. नोकरी २१ नोव्हेंबर २०२५नंतर संपली असेल तर हा हिशेब मागून घ्या.

चाकणचा_वारा

दादा सगळे आयटीचंच बोलताय. आम्ही चाकणला लाइनवर आहे. ठेकेदार बदलतो, आम्ही तिथंच. दर सात महिन्याला ब्रेक देतात, आठ-दहा दिवस घरी, परत नवीन गेटपास. आता म्हणतात येऊ नका. आमच्याकडं राजीनामा पण मागत नाहीत. गेटवर कार्ड चालत नाही एवढंच.

इंद्रायणीकाठ

भाऊ, बरं केलं लिहिलंत. खरं तर हा धागा तुमच्यापासूनच सुरू व्हायला हवा.

सात महिन्यांनी ब्रेक देतात तो २४० दिवस भरू नयेत म्हणून. आपल्या राज्याच्या १९७१च्या कायद्यात, ज्याला आपण सगळे एमआरटीयू-पीयूएलपी म्हणतो, वर्षानुवर्षं बदली, हंगामी, तात्पुरते ठेवून कायम कामगाराचे फायदे नाकारणं याला सरळ अनुचित कामगार प्रथा म्हटलेलं आहे. चौथ्या अनुसूचीतला सहावा मुद्दा. औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येते. मुदत मात्र कडक : घटना घडल्यापासून ९० दिवस. उशीर झाला तर कारण सांगून माफ करून घेता येतो, पण त्या भरवशावर बसू नका.

ठेकेदाराचे कामगार म्हणून तुम्हाला कंपनीत आपोआप कायम करा असं न्यायालय म्हणत नाही. २००१मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठानं ते स्पष्ट केलं. पण ठेका नुसता कागदोपत्री असेल, म्हणजे काम कंपनीचा सुपरवायझर सांगतो, हजेरी कंपनीच्या मशीनवर, रजा कंपनीला विचारून, तर ठेकेदार हा नुसता बुरखा आहे असं म्हणून भांडता येतं. आणि ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, यात दुमत नाही.

तुम्ही आज करायचं ते एवढं : जुने सगळे गेटपास काढून फोटो घ्या. फेकून देऊ नका, प्रत्येकावर वेगळ्या ठेकेदाराचं नाव आणि तारीख असते, तोच तुमचा सलग नोकरीचा पुरावा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, टाकून पीएफचं पासबुक उतरवून घ्या, त्यात कुठल्या महिन्यात कुणी पैसे भरले ते दिसतं. ईएसआयचं कार्ड ठेवा. बसच्या थांब्यावरचे सोबतीही साक्षीदार होऊ शकतात. आणि तुमच्याबरोबर किती जणांना बंद केलं त्यांची नावं लिहून काढा. एकट्यानं जाण्यापेक्षा पंधरा जण संघटनेकडे गेलात तर निभाव लागतो. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, आपण भेटू.

आप्पा_लालबाग

चाकणच्या भावाला माझं पण तेच सांगणं. मी गिरणीतला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी खात्यात नवीनच लागलो होतो. पुढं कितीतरी वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा तिकिट नंबर, पगाराची पावती, पीएफचा कागद मागायला लागले. ज्यांच्या बायकांनी ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते त्यांचे अर्ज पुढं गेले. गावी पावसात घर पडलं आणि कागद गेले त्यांनी फार हेलपाटे घातले. तुमच्याकडं मोबाइल आहे, आजच फोटो काढून मुलाला पाठवून ठेवा.

गुरुजी_परभणी

खासगी शाळांत हा प्रकार नेमणुकीच्याच दिवशी होतो. कोऱ्या तारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवतात. शिक्षक जरा बोलायला लागला की तारीख घालतात.

पण १९७७च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात कलम ७ नेमकं यासाठीच आहे. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख कर्मचाऱ्यानंच घालायची, एक प्रत नोंदणीकृत टपालानं व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. संस्थेच्या कपाटातून निघालेला राजीनामा या कसोटीला उतरत नाही. काढून टाकलं असेल तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, ३० दिवसांच्या आत.

आणि शिक्षकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट : बेकायदा काढलेल्या माणसाला मागील पगारासह परत घेणं हाच साधारण नियम, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये ज्या दीपाली सुरवसे खटल्यात सांगितलं, तो खटला औरंगाबादच्या एका शिक्षिकेनं लढवलेला आहे. आज देशभरातले कामगार त्या निकालाचा आधार घेतात.

तन्वी_न

मी गरोदर असल्याचं कळवल्यावर दोन आठवड्यांत मला पीआयपीवर, म्हणजे 'कामगिरी सुधारा' अशा मुदतीच्या योजनेवर, टाकलं. आधीची तिन्ही अप्रेझल उत्तम. आता 'तुमच्यासाठी ताण बरा नाही, तुम्हीच विचार करा' असं गोड बोलून सुचवतात. उघड कुणी काही म्हणत नाही.

इंद्रायणीकाठ

तन्वीताई, राजीनामा मुळीच देऊ नका. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा हक्क तुमचा आहे. गरोदरपणात काढलं तरी तो लाभ बुडत नाही, आणि प्रसूती रजेवर असताना काढणं बेकायदाच. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात की मात्र हे संरक्षण हातचं जातं, म्हणून तर गोड बोलतात.

तारखा एका कागदावर मांडा. कळवल्याचा ईमेल कधीचा, पीआयपी कधीचा, आधीचं अप्रेझल कधीचं. या तीन तारखा शेजारी ठेवल्या की वेगळं भाष्य करावं लागत नाही. पीआयपीच्या कागदावर सही करावीच लागली तर 'मिळाले, मान्य नाही' असं हातानं लिहून तारखेसह सही करा. तोंडी बोलणं झालं की दर वेळी 'आज आपलं असं बोलणं झालं' अशी दोन ओळींची मेल टाका.

श्रुती_श्टुटगार्ट

जर्मनीतून लिहिते, तुलना म्हणून. इथं नोकरीवरून काढल्याची नोटीस कागदावर, शाईच्या सहीनं द्यावी लागते, ईमेल चालत नाही. सहमतीनं नोकरी संपवायचा करारही तसाच लेखी. पण नोटीस हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा टाकला नाही तर बेकायदा नोटीससुद्धा वैध ठरते. इथं नवीन आलेली आपली मराठी मुलं 'बघू, बोलणी चालू आहेत' म्हणत ते तीन आठवडे घालवतात. इथं कुणी वाचत असेल तर आधी दावा, मग बोलणी.

मांडवीतीर

गोव्यासाठी : तो १९७१चा कायदा महाराष्ट्रापुरता आहे, आमच्याकडे लागू नाही. आम्ही पणजीला पाटोवर श्रम शक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे जातो. हॉटेलवाल्या मुलांनो, सीझन संपल्यावर 'पुढच्या वर्षी बोलावतो' म्हणतात ते लिहून घ्या.

मेघदूत७

अजून दोन शंका. बैठकीचं गुपचूप रेकॉर्डिंग चालतं का? आणि ठरावीक वर्षं नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घेतात त्याचं काय, तो मोडला तर पैसे भरावे लागतात का?

इंद्रायणीकाठ

ज्या संभाषणात तुम्ही स्वतः आहात त्याचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालू शकतं. टेप केलेलं बोलणं ग्राह्य धरण्याबद्दलचा जुना निकाल आपल्या मुंबईचाच आहे, मलकानी विरुद्ध महाराष्ट्र शासन, १९७२. मूळ फोन जपा, फाइल कापूछाटू नका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. कंपनीच्या नियमात रेकॉर्डिंगला बंदी असेल तर ते तुमच्याविरुद्ध उगारतील, हे धरून चाला. त्याहून महत्त्वाचं : कंपनीचा कोड, ग्राहकाची माहिती, अंतर्गत अहवाल खासगी मेलवर पाठवू नका. स्वतःच्या पगाराचे, अप्रेझलचे, नेमणुकीचे कागद ठेवा. बाकीच्याला हात लावलात तर कंपनीला गैरवर्तनाचा आयता आरोप मिळतो आणि चांगली केस बिघडते.

बाँडचं सरसकट उत्तर नाही. मे २०२५मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांची अट आणि २ लाखांचा बाँड वैध धरला. पण तिथं सरकारी बँकेला नव्यानं भरती करायला येणारा खर्च, रकमेचं प्रमाण, हे तपासून. प्रशिक्षण काहीच दिलं नाही आणि पाच लाख मागताहेत, तर वाजवी भरपाईपलीकडे मिळत नाही. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जाऊच नका, ही अट करार कायद्याच्या कलम २७मुळं टिकत नाही. कराराच्या मुदतीत असताना मात्र टिकते. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या गोलिकरी प्रकरणात १९६७ला तेच झालं, पाच वर्षांचा करार चालू असताना ते राजस्थानातल्या कोटा शहरातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले आणि मनाई कायम राहिली. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

सायली_खराडी

काका, सांगितल्याप्रमाणे ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही गेलं. आज उत्तर आलं : 'राजीनामा स्वीकारलेला असल्याने मागे घेता येणार नाही.' लॅपटॉपचा ॲक्सेसही बंद केला. वकिलाचा खर्च झेपणार नाही सध्या. पुढं काय?

इंद्रायणीकाठ

हे उत्तर तुमच्या फायद्याचं आहे. राजीनामा मागे घेतल्याचं पत्र त्यांना मिळालं, हे त्यांनीच लेखी कबूल केलं. ॲक्सेस बंद झाल्याचा स्क्रीनचा फोटो, तारीख-वेळ दिसेल असा, आत्ताच काढा. उद्या नेहमीच्या वेळी त्यांना गेटवर जाऊ द्या. आत सोडलं नाही तर तिथूनच मेल टाकायची : 'मी कामावर हजर झालो, मला प्रवेश नाकारला.'

नंतर वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. शुल्क नाही, वकील लागत नाही. साध्या मराठीत अर्ज चालतो : नोकरीला कधी लागले, काम काय, शेवटचा पगार, काय घडलं, मागणी काय. मागणीत 'मागील पगारासह व सलग सेवेसह कामावर पुनर्स्थापना' हेच लिहा, नुसते पैसे लिहू नका, कारण मागितलेलंच कमी असेल तर बोलणी तिथूनच खाली जातात. सोबत नेमणूकपत्र, मागच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, राजीनाम्याच्या पोर्टलचं पान, तुमचं पत्र, स्पीड पोस्टची पावती आणि त्यांचं आजचं उत्तर. दोन संच न्या, दुसऱ्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन परत आणा. शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

समेट झाला तर उत्तम, बरीच प्रकरणं तिथं पैशावर मिटतात. नाही झाला तर अर्जापासून ४५ दिवसांनी थेट न्यायाधिकरणात जाता येतं. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षं होती, नव्या संहितेत नोकरी संपल्यापासून दोन वर्षंच आहेत, तेव्हा तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वकिलाचं म्हणाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात. १९८७च्या कायद्यानं औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. स्त्रियांनाही तसाच. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

सायली_खराडी

सोमवारी दोघंही जातो. दुसऱ्या संचाचे झेरॉक्स आजच काढले. अर्ज त्याच्या सहीनं, पण सोबत मी बसले तर चालेल ना?

इंद्रायणीकाठ

नक्की चालेल. पहिल्या तारखेला समेट अधिकारी दोन्ही बाजूंना समोर बसवतात, कंपनीकडून बहुतेक एचआर येतात आणि पुढची तारीख मागतात. तारीख किती दिवसांनी पडली ते रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, नीट लिहिलंय का बघा आणि मगच सही करा. मी सोमवारी अकरानंतर तिथंच आहे, दुसऱ्या एका प्रकरणासाठी. अर्जाचा मसुदा रविवारी रात्रीपर्यंत निरोपातून पाठवा, वाचून ठेवतो.